ज्योतीरामची बेस गिटार आणि कंपनीचे अधिकृत दुःख

दुःख प्रत्येक माणसाकडे असते, परंतु ते कसे बाळगावे याचे प्रशिक्षण फार थोड्यांना मिळालेले असते. चाकणच्या आमच्या कंपनीने ही उणीव गेल्या वर्षी भरून काढली. आम्ही मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. (बिजागरी चांगली असली की तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. कामगाराचेही तसेच आहे.) मी स्टोअर्समध्ये असतो आणि कंपनीच्या गृहपत्रिकेचा संपादकही आहे, त्यामुळे पुढील मजकुरात कंपनीची स्तुती आढळल्यास तो सवयीचा भाग समजावा.

मनुष्यबळ विभागाच्या प्राजक्ता मॅडम बंगळुरूहून दोन दिवसांचे शिबिर करून आल्या आणि त्यांनी पाहणी केली. १,१४० कामगारांपैकी १,१२६ जणांनी ‘तुम्हाला कसे वाटते?’ या प्रश्नापुढे ‘बरं आहे’ असे लिहिले. नऊ जणांनी कँटीनच्या डाळीबद्दल लिहिले. उरलेल्या पाच जणांनी कागदावर चहाचा कप ठेवला होता. यावरून मॅडमनी निष्कर्ष काढला की आमचे कामगार भावना दाबून ठेवतात आणि दाबलेल्या भावनेमुळे उत्पादन साडेतीन टक्क्यांनी घटते. उपाय म्हणून, वार्षिक स्नेहसंमेलनात कर्मचाऱ्यांचा बँड ‘इमो रॉक’ या प्रकारातले एक इंग्रजी गाणे सादर करील, असे परिपत्रक निघाले. इमो म्हणजे काय, याची तळटीपही होती : यात गायक आधी कुजबुजतो, मग ओरडतो, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी समजून घेत नाही.

त्याच परिपत्रकाच्या मागच्या बाजूला (कागदबचत हे आमचे धोरण आहे) असे छापले होते की, ‘मनुष्यबळ सुयोग्यीकरणा’अंतर्गत एकतीस जणांना मोकळे करण्यात येईल आणि निवड गुणांनुसार होईल. सांस्कृतिक सहभागाला दहा गुण होते.

गाणे, गिटार आणि ड्रम ऑफिसातल्या लोकांनी पटकन वाटून घेतले. बेस गिटार कुणी घेईना. ती दिसते गिटारसारखी, पण तिचा आवाज कानापेक्षा पोटाला जास्त ऐकू येतो आणि फोटोत वाजवणारा कडेला येतो. शेवटी मॅडमनी प्रेस शॉपच्या ज्योतीरामला बोलावले. बेसला तारा चार आणि ज्योतीरामच्या डाव्या हाताला, अंगठा धरून, बोटेही चार. हा मेळ मॅडमना फार आवडला.

ज्योतीराम मूळचा औशाकडचा. बावीस वर्षे पत्र्यावर ठोके घालणाऱ्या एक नंबरच्या प्रेसवर. मोशीत दोन खोल्या भाड्याने. बायको जयमाला, दोन मुली, मोठी बारावीला.

“मॅडम, मला पेटीबी येत न्हाई बगा,” तो म्हणाला.

“ज्योतीरामजी, आपण एक फॅमिली आहोत. आणि दहा गुण आहेत.”

ज्योतीरामने गिटार घेतली. स्टोअर्सच्या वहीत ‘मालमत्ता : संगीत, नग एक’ अशी नोंद करून मीच ती त्याला दिली. बाळंतिणीच्या हातून मूल घ्यावे तशी त्याने ती दोन्ही हातांवर घेतली.

दर रविवारी तो रावेतला समर्थ सरांच्या गिटार क्लासला जाऊ लागला. समर्थ सर तेवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या केसांनी एक डोळा कायम झाकलेला असे. (उरलेल्या डोळ्याने ते जगाकडे निराशेने पाहत.) वडिलांनी क्लाससाठी गाळा घेऊन दिला, पण तो रावेतला दिला, बाणेरसारख्या महागड्या भागात नाही, ही त्यांची मुख्य जखम होती.

“काका, इथे करंगळी वापरा,” पहिल्याच दिवशी सर म्हणाले.

“ती कंपनीत हाय.”

“म्हणजे?”

“दोन हजार नऊला. प्रेसमदी.”

(कंपनीच्या दप्तरी या घटनेचे वर्णन ‘किरकोळ, उत्पादन अकरा मिनिटे थांबले’ असे आहे. आता हे थांबणे पाच मिनिटांवर आणण्यात आम्हाला यश आले आहे.)

ज्योतीराम तीन बोटांवर शिकला. तालाची अडचण आलीच नाही. एका मिनिटाला ठरावीक ठोके बावीस वर्षे घालणाऱ्या माणसाला ताल शिकवावा लागत नाही. समर्थ सरांनी तालाचे यंत्र लावले तेव्हा यंत्रच किंचित मागे पडल्यासारखे वाटले. अडचण अर्थाची होती. गाणारी सायली खरेदी विभागात होती. तिने गाणे मराठीत समजावले : एक मुलगी न सांगता दुसऱ्या शहरात निघून जाते आणि तिचा प्रियकर पोहण्याच्या रिकाम्या तलावाकाठी बसून राहतो.

“फोन लागत न्हाई का तिचा?” ज्योतीरामने काळजीने विचारले.

“लागतो. ती उचलत नाही.”

“मग शिफ्टला असंल.”

घरी तो पहिल्या शिफ्टवरून आला की चार वाजता सरावाला बसे. भांड्यांची मांडणी थरथरे. घरमालकीण गिरजाबाई जिन्यातून विचारी, “काय रं, बोअरिंग मारतुयास व्हय?” जयमाला म्हणे, “दहा गुणाचं हाय, मावशी.” मग गिरजाबाई जिना उतरून जाई. तिच्या शेतात आता चार इमारती होत्या. गुण नसलेले भाडेकरू कुठे जातात, हे तिने पाहिलेले होते.

सहाव्या रविवारी समर्थ सर वैतागले. “काका, सगळं बरोबर वाजतंय, पण फील नाही. तुम्ही कधी दुःखी झाला नाहीत का?”

ज्योतीरामने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “सांगण्यासारखं काई न्हाई,” तो म्हणाला. मग तार पुसता पुसता त्याने सांगितले. आई गेल्याचा फोन सकाळी साडेनऊला आला. बदली माणूस मिळेना. सुपरवायझर म्हणाला, लंचपर्यंत थांब. लंचला म्हणाला, आता राहिलंच किती. त्याने शिफ्ट पुरी केली. सहाशे बारा बिजागऱ्या निघाल्या. गावी पोचला तेव्हा भाऊ अग्नी देऊन परतला होता.

समर्थ सरांचे दोन्ही डोळे प्रथमच दिसले. ते केस बाजूला करून रडत होते. ज्योतीरामने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “रडू नका, लेकरा. लई वर्सं झाली.”

“काका, हेच! याचाच विचार करून वाजवा.”

“न्हाई,” ज्योतीराम म्हणाला. “त्ये वाजवायचं न्हाई.”

स्नेहसंमेलन मोशीच्या एका लॉन्सवर झाले. सायली कुजबुजली, मग ओरडली. ऐन ओरडण्यात जनरेटरची एक फेज गेली. माईक बंद, गिटार बंद. ड्रमवर असलेले सहायक व्यवस्थापक वरून सूचना येईपर्यंत थांबले. बेसचा स्पीकर मात्र चहाच्या यंत्रासाठी ओढलेल्या वेगळ्या वायरीवर चालत होता. ज्योतीरामला कुणी थांब म्हटले नव्हते, म्हणून तो थांबला नाही.

नुसता ठोका. धप्, धप्, धप्. पहिल्यांदा लोक हसले. मग प्रेस शॉपच्या रांगांनी तो ठोका ओळखला आणि पाय वाजू लागले. सहाशे-सातशे माणसे, एकही शब्द नाही. ज्योतीरामने मान खाली घातली. गिटारवर डोळ्यांचे पाणी पडताना मंचामागच्या मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसत होते.

माझ्या शेजारी बसलेली जयमाला पुटपुटली, “वाजवायचं न्हाई म्हणले होते.” आणि तिने पदर तोंडाला लावला.

प्राजक्ता मॅडम मंचावर जाऊन त्याला दोन्ही हातांनी भेटल्या. त्या खरोखर रडत होत्या. मी फोटो काढला आहे. दहापैकी दहा गुण मिळाले.

सोळा दिवसांनी एकतीस जणांची यादी लागली. पहिले नाव ज्योतीरामचे होते. पत्रात लिहिले होते की, गुणतक्त्यातून त्यांची असामान्य कला सिद्ध झाली असून, अशा कलावंताला प्रेसवर अडकवून ठेवणे समितीला अन्यायाचे वाटते; कंपनी त्यांच्या स्वप्नाआड येऊ इच्छित नाही.

तो गिटार परत द्यायला स्टोअर्समध्ये आला. मी काही बोलावे म्हणून म्हणालो, “फार छान वाजवलंस, ज्योतीराम.”

त्याने गिटार टेबलावर ठेवली. “तुमी बी होता की गुणाच्या समितीवर?”

मी होतो. मी वही पुढे केली. त्याने सही केली.

सध्या तो ठेकेदारामार्फत त्याच एक नंबरच्या प्रेसवर असतो. (ठेक्यावरील कामगार सांस्कृतिक उपक्रमास पात्र नाहीत.) मोठीने बारावीनंतर एका दुकानात काम धरले आहे.

कंपनीने इंटरनेटवर टाकलेला त्याचा स्नेहसंमेलनातला व्हिडिओ मात्र चार लाख लोकांनी पाहिला. तुम्हीही पाहिला असेल. कुणीतरी पाठवलाच असेल. खाली लाल बदाम आहेत, रडके चेहरे आहेत, ‘भावा, नि:शब्द!’ आहे. ‘हा माणूस आता काय करतो?’ असे विचारणारा संदेश आम्ही शोधला, तो सापडला नाही. मनुष्यबळ विभागाच्या आकडेवारीनुसार प्रत्येक प्रेक्षकाने सरासरी नऊ सेकंद दुःख केले आणि मग तो पुढच्या व्हिडिओकडे वळला. आपल्या सहभागाबद्दल कंपनी ऋणी आहे. या सहभागाचे गुण आपल्याला देण्यात आले आहेत.