मेथीचा लेप आणि मृत साठा

नागपूरच्या प्रताप नगरातील मेघमल्हार अपार्टमेंटच्या रहिवासी मधुवंती यांचे केस कोरडे झाले होते. घटना गंभीर होती. तरी तिची दखल कुणी घेतली नाही, कारण त्या मे महिन्यात कोरडे झाले नव्हते असे शहरात फारसे काही उरलेच नव्हते. बोअरच्या खाऱ्या पाण्याने, दुपट्ट्याच्या दोन पदरांतून शिरणाऱ्या उन्हाने आणि भाचीच्या लग्नासाठी पार्लरमध्ये करून घेतलेल्या स्मूदनिंगने आपापली कामे चोख बजावली होती. कापूस वेचून झाल्यावर सावनेरकडच्या शेतांत कपाशीची वाळकी पराटी उभी राहते, तशी तिची वेणी आता पाठीवर उभी राहिल्यासारखी दिसे.

ही वेणी साधी नव्हती. मधुवंतीची आई सावनेरला दर रविवारी तिळाचे तेल कोमट करून ती घालून देत असे. आई गेली तेव्हा शेत भावांत वाटले गेले आणि मधुवंतीच्या वाट्याला ही वेणी आली. ती वाचवायची, असे तिने ठरवले, आणि तेही नैसर्गिक उपायांनी. बाटल्यांवरचा तिचा विश्वास उडाला होता. निसर्गावरचा शाबूत होता. पुढे जे घडले त्यात निसर्गाचा काहीही दोष नाही, हे आधीच नमूद करणे इष्ट.

रात्री भिजवलेली मेथी, कुंपणालगतच्या जास्वंदीची पाने आणि ताजे दही असा लेप तिने रविवारी सकाळी वाटला, बटा पाडून मुळांपासून टोकांपर्यंत लावला, आणि अंगावर येणारा तो गार, हिरवा वास घेत ती काही काळ डोळे मिटून बसली. मग केस धुण्यासाठी तिने नळ उघडला. नळाने एक दीर्घ निःश्वास सोडला आणि तो मौनात गेला.

सोसायटीचे सचिव बाबनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. खाते मात्र त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. ते पार्किंगमध्ये व्हॉल्व्हजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"काका, पाणी काहून बंद आहे जी?"

"बंद नाही बाई. आवर्तन संपलं."

"अन् टँकर?"

"निघून राहिला."

"कुठून?"

"ते त्यालेच माहीत."

"पण खालच्या टाकीत तर पाणी दिसते!"

बाबनरावांनी तिच्याकडे करुणेने पाहिले. "त्याले पाणी नाही म्हणत बाई. त्याले मृत साठा म्हणतात."

"मग एक बादली मृत साठा द्या ना जी. डोकं सुकून राहिलं माझं."

बाबनरावांनी मग तिला सोसायटीचा प्राधान्यक्रम समजावून सांगितला. प्रथम पिण्याचे पाणी, मग कूलर, मग देवपूजा, मग अध्यक्षांची गाडी. त्याखाली काही नव्हते.

"कूलर दुसऱ्या नंबरावर, अन् केस कुठंच नाही?"

"कूलर बंद पडला तर माणूस मरते. केसानं कोण मेलं आजपर्यंत?"

मधुवंती घरी परतली. तिचे पती कुशल हे सोसायटीचे खजिनदार. ते कूलरसमोर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते. कूलरची टाकी काठोकाठ भरलेली होती. वाळ्याच्या पडद्यांतून पाणी अविरत झिरपत होते, आणि त्या आवाजात एखाद्या दूरच्या, पाहून विसरलेल्या नदीची आठवण होती. मधुवंतीने बादली आत बुडवली.

"हे काय करून राहिली?"

"एक बादली काढून राहिली."

"ठेव ते. कूलरसाठी मंजूर झालेलं पाणी आहे. खजिनदाराच्याच घरात असा अपहार झाला तर लोक काय म्हणतील?"

"लोकाईले सांगणार कोण?"

"मीच सांगीन ना! मी खजिनदार आहो."

कुशल खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. मधुवंतीने बादली पुन्हा कूलरच्या टाकीत उपडी केली. आपल्या घरातील पाण्याची चोरी करण्याचे धैर्य तिच्यात नव्हते. तसे ते या मोहल्ल्यात कुणातच नव्हते. पत्नीच्या डोक्यावरील लेपाला तडे जाऊ लागलेले पाहून मात्र कुशल यांचे हृदय द्रवले, आणि त्यांनी व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक बोलावली.

बैठक पार्किंगच्या पत्र्याखाली भरली. अध्यक्ष शालिकराम यांच्या डोक्यावर अनेक वर्षांपासून एकही केस नसल्याने त्यांना या विषयात निःपक्षपाती मानण्यात आले. मधुवंतीस मध्यभागी प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून स्थळपाहणी करण्यात आली. बाबनरावांनी लेपावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि भेगांची दिशा पाहून मान हलवली.

"हे आता नुसत्या पाण्यानं नाही निघत," तळमजल्यावरच्या प्रेमिलाकाकू म्हणाल्या. "अन् नुसतं पाणी मारलं तर केस अजून रुक्ष होतात वं. आधी नरम करा लागते. दही लावा."

"दही त्याच्यात आहेच, काकू. पाणी पाहिजे मले."

"त्याच्यातलं सुकलं ना पोरी. वरून लावा लागते."

दही हे पाण्याच्या व्याख्येत बसत नसल्याने त्यास मंजुरीची आवश्यकता नव्हती. येथेच प्रश्नाला वेग आला. ज्यास मंजुरी लागत नाही ते करण्यात मेघमल्हार अपार्टमेंट कधीही मागे पडलेले नाही. दह्याची वाटी आली. बाहेर सुटलेल्या उष्ण लू वाऱ्याने ते दही बोलता बोलता वाळवले. तेव्हा अध्यक्षांनी कांद्याचा रस सुचवला.

"भाऊजी, तुम्ही लावला होता का कधी?" मधुवंतीने विचारले.

"सतत सहा महिने," शालिकराम अभिमानाने म्हणाले, आणि टोपी सारखी केली.

कांद्याचा रस आला. त्यावर कुणी ताक, कुणी पिकले केळे पाठवले. घराघरांतून वाट्या येत राहिल्या. झाकलेल्या, चमच्यासहित, मायेने भरलेल्या. नागपूरच्या माणसाचे मन मोठे आहे. वाट्या आल्या. बादली आली नाही.

शेवटी प्रेमिलाकाकूंनी माहेरच्या जवसाची उकळून काढलेली लापशी आणली. ती बोटावर घेतली असता तारेसारखी लांबत होती. "हे लावलं की केस कसे रेशमासारखे होतात, पाहजो तू," असे म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी थापली. जवस वाळल्यावर काय होते, हे प्रेमिलाकाकूंना माहीत असायला हवे होते, कारण त्याच लापशीने त्या दरवर्षी नातवाच्या पतंगाचे कागद चिकटवीत.

मधुवंती रडू लागली. अश्रू गालांवर येण्याआधीच आटत होते. बाबनरावांनी तिच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिले, आणि त्यांच्यातील माणूस जागा झाला.

"रडू नको बाई. तुझा प्रस्ताव मंजूर आहे."

"खरंच का काका?"

"एकमतानं. टँकर आल्याबरोबर."

टँकर आला तेव्हा ऊन तिरपे झाले होते. प्रथम पिण्याचे पाणी भरले गेले. मग कूलर भरले. मग देवाच्या कळशा भरल्या. मग अध्यक्षांची गाडी धुतली गेली, आणि तिच्या बोनेटवरून ओघळलेले पाणी मधुवंतीच्या चपलांपर्यंत येऊन फरशीत जिरले. त्यानंतर नियमानुसार तिला एक बादली देण्यात आली. तिने ती घाईघाईने डोक्यावर ओतली. काळ्या खडकावरून यावे तसे पाणी घरंगळून गेले. आत काहीही शिरले नाही.

कोपऱ्यावरच्या पार्लरमधून काजलला बोलावण्यात आले. तिने कंगवा घातला. कंगव्याचे दात तिच्या हातात आले. मग तिने कंगवा बाजूला ठेवला आणि मधुवंतीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, हे केस नाही राहिले जी."

"तेल लावून पाहू? आई तिळाचं लावे."

"नाही ताई. आत जातच नाही काही."

कात्री चालली. बराच वेळ चालली. वेणी अखंड निघाली. ती वाकली नाही. काजलने ती खाली ठेवायला जागा शोधली आणि अखेरीस भिंतीला टेकवून उभी केली. मधुवंती त्या वेणीकडे पाहत राहिली. सावनेरच्या सगळ्या रविवारांना आता स्वतःच्या पायांवर उभे राहता येत होते.

पुढील बैठकीत तिचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. केसांचा वापर थांबवून तिने सोसायटीच्या पाण्याची जी कायमस्वरूपी बचत साधली, तिचा आदर्श इतर महिलांनी घ्यावा, असे बाबनराव म्हणाले. मृत साठा अबाधित राहिल्याबद्दल टाळ्या पडल्या. भेटीदाखल दिलेल्या तेलाच्या बाटलीवर गुडघ्यापर्यंत केस असलेल्या स्त्रीचे चित्र होते. घरी आल्यावर कुशल यांनी तिला कौतुकाने कूलरसमोर बसवले.

"आता हवा चांगली लागत असन ना डोक्याले?"

मधुवंतीने उठून दार उघडले. दाराबाहेर तोवर बायका जमल्या होत्या. लेप वाईट नव्हता, जवस जरा जास्त झाले, असे एकीचे मत पडले. मेथी रात्रीऐवजी सकाळी भिजवायला हवी होती, असे दुसरीचे. प्रेमिलाकाकू प्रमाण सांगत होत्या आणि ते प्रत्येकीने लक्षात ठेवले.

एवढ्या मोठ्या इमारतीत एक बादली पाणी वेळेवर कुणीही आणले नाही, याचा आपणास संताप आला असेल. तो रास्त आहे. परंतु दह्याची वाटी आली तेव्हाच आपण मनातल्या मनात म्हणून गेलात, की त्यापेक्षा तिने कोरफड लावायला हवी होती.

मधुवंतीचे दार उघडेच आहे. वाटी पायरीवर ठेवा.