मोहनरावांच्या पोटाचे कार्यालय

मनुष्याचे पोट त्याच्या देहात असले, तरी त्याचा ताबा गावाकडे असतो. डोळे दुखले तर माणूस मुकाट्याने डॉक्टरकडे जातो, गुडघा धरला तर घरचेच तेल लावतात; पण पोट बिघडले की विषय तत्काळ सार्वजनिक होतो, आणि ज्याला ज्याला स्वतःचे पोट आहे तो तो त्यातला जाणकार ठरतो. ही व्यवस्था फार उदार आहे. मी एकतीस वर्षे ग्रामसेवक होतो (कारकीर्द निष्कलंक, एक चौकशी लागली होती, पण ती पूर्ण व्हायच्या आत मी निवृत्त झालो), त्यामुळे व्यवस्था ओळखण्यात माझी सहसा चूक होत नाही.

उमापूरच्या अलीकडे आमचे गाव. मोहनराव तिथले पंधरा वर्षे सरपंच, आणि येत्या निवडणुकीलाही तेच उभे राहणार. गेल्या दिवाळीपासून त्यांचे पोट कधी फुगायचे, कधी मुरडायचे, आणि भाषणाला उभे राहिले की नेमके बोलावणे यायचे. गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितले, आतड्यात दोष काही नाही, आतडे चिडके झाले आहे. कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या: जेवण वेळेवर, चहा बंद, मन शांत. सुई नाही, सलाईन नाही. गावाला हे पटणे शक्यच नव्हते. सलाईन न लागलेल्या आजाराला आमच्याकडे आजार धरत नाहीत.

मोहनरावांना मात्र एकच घोर लागला होता. वैशाखात संस्कृतीचे, त्यांच्या एकुलत्या लेकीचे, लग्न होते. कन्यादानाला बापाला पाटावर बसावे लागते, आणि भटजींनी वेळ सांगितली होती पाऊण तास. मोहनरावांचा त्या दिवसांतला विक्रम अठरा मिनिटांचा होता.

"भाषणातून उठलो तर लोक म्हणतेल, फोन आला असंल," ते मला म्हणाले. "लेकीचा हात हातात घेतल्यावर कसं उठू, राधाकिशन?"

मतमोजणीचा एक दिवस सोडला, तर या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी प्रथमच पाहिले. मला वाईट वाटले, हे इथे स्पष्ट नमूद करतो.

बातमी फुटली आणि गाव धावून आले. चाळीस दिवसांत भेटीला दोनशे बारा माणसे, बहुतेक दोनदोनदा; प्राप्त उपाय एकसष्ट. पैकी ओवा आणि काळे मीठ सुचवणारे नऊ, ताकातून काहीतरी सुचवणारे सतरा (ते काहीतरी प्रत्येकाचे वेगळे). भामाबाईंनी बेंबी सरकल्याचे निदान केले आणि पोटावर पेटता दिवा ठेवून वर तांब्या उपडा घातला. तांब्या इतका घट्ट बसला की काढायला दोघे लागले. शिरूर कासारहून हरिबा पोट बांधायला डाळिंबाची साल घेऊन आले. त्याच दुपारी दिंद्रुडचे पाहुणे पोट मोकळे करायला एरंडेल घेऊन आले. दोन्ही घेतले गेले. नाकारायची सोयच नव्हती, कारण बाहेरचा पाहुणाही गावातल्याच कुणाचा सोयरा; एक उपाय म्हणजे एक घर आणि एक घर म्हणजे सरासरी पाच मते. माझा उपाय बेलाच्या मुरंब्याचा होता. तो सर्वोत्तम असल्याने त्याची नोंद मी स्वतंत्र वहीत ठेवली.

येणाऱ्या प्रत्येकाला मोहनरावांच्या घरच्या, वच्छलावहिनी, चहा देत. आमच्याकडे पाहुणा एकटा चहा पीत नाही. घरधन्याने सोबत कप उचलला नाही, तर पाहुणा आपला तसाच ठेवून उठतो, आणि मग त्याची समजूत काढायला त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा लागतो. परिणामी, चहा बंद झालेल्या मोहनरावांना दिवसाला अकरा कप होत होते. जेवणवेळ टळून गेली की पाहुणे उठत, आणि उंबऱ्यावर चपला घालता घालता मन शांत ठेवायला सांगत.

एका सकाळी संस्कृतीने मोरीतल्या कपबशा मोजल्या आणि तडक माझ्याकडे आली.

"काका, आबाला औषधं लई झाली. आता माणसं कमी करायला पायजेत."

मी म्हणालो, बाई गं, दाराला कडी लावलीस तर निवडणूक हातची गेली.

"कडी न्हाई, पाटी लावू," ती म्हणाली. "तुमी फक्त खुर्चीवर बसा."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाटी लागली: 'उदर सल्ला कार्यालय. वेळ ११ ते ४. उपाय लेखी द्यावेत, दोन प्रतींत.' खाली टेबल, आवकजावक वही, शिक्का आणि मी. काय सांगू! जी माणसे काल थेट माजघरात शिरून मोहनरावांची जीभ बघत होती, ती पायरीखाली चपला काढून रांगेत उभी राहिली. घरात चहा मिळाला नाही तर माणूस तीन पिढ्या लक्षात ठेवतो. कचेरीत तो चहा मागतच नाही. मी अर्ज उलटसुलट करून बघायचो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडायला सांगायचो. लोक समाधानाने झेरॉक्ससाठी उमापूरची वाट धरत. आमच्या गल्लीतल्या शहादेवला मी तीनदा परत पाठवले, तेव्हा तो बायकोला म्हणाला, आता मात्र काम रीतसर चाललंय.

आत मोहनराव बाराला वरणभात आणि सातला भाकरी-दोडका खात होते. चहाचे नावही कुणी काढत नव्हते. संध्याकाळी बापलेक शेतापर्यंत चालत जात, बोलत बोलत.

एक बाब मात्र माझ्या नजरेतून सुटली. कचेरीत काम घेऊन येणारा चहा मागत नाही, पण साहेबाला पाजतो. प्रत्येक अर्जासोबत हॉटेलातला एक कप येऊ लागला. नाही म्हणायची मला नोकरीतच सवय राहिली नव्हती. दिवसाला चौदा व्हायचे, शनिवारी सोळा.

लग्न झाले. मोहनराव पाटावर बावन्न मिनिटे बसले. विधी संपल्यावर लेक हळूच म्हणाली, "आबा, उठा आता." तर हात न सोडता ते म्हणाले, "राहू दे की. बसू दे थोडं." म्हणे सगळा मंडप रडला. म्हणे अशासाठी, की मी मंडपात नव्हतो. मी मंडपामागच्या बाभळींपलीकडे होतो, हातात टमरेल घेऊन, आणि त्या दिवशीची ती माझी पाचवी खेप होती.

गुण कोणत्या उपायाने आला, याबद्दल एकसष्ट दावे दाखल आहेत. माझा बासष्टावा होता, तो मी मागे घेतला आहे. सध्या लोक माझ्या घरी येतात, आमच्या कौशल्याबाई चहा टाकतात, आणि मी पाहुण्याबरोबर कप उचलतो. तुम्ही इथवर वाचलेत म्हणजे तुमच्याही ओठांवर माझ्यासाठी एक उपाय आलेला आहे. नाही म्हणू नका, मघाशी ताकाचे वाचलेत तेव्हाच आला होता. हरकत नाही, लेखी द्या, दोन प्रतींत. फक्त हातातला कप आधी खाली ठेवा. तो आजचा कितवा, हा रकाना अर्जात सक्तीचा आहे.