भाटाचं दोनशे तेरावं गाणं

माणसाने करावी अशी प्रत्येक गोष्ट आधी कुणीतरी करून ठेवलेली असते, आणि ज्याला हे लवकर उमगतं त्याची नोकरी सुखात जाते. या कथेतल्या लिपिकाला ते नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी उमगलं. विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षात त्याने एका ग्राहकाला पहिलं पत्र मनापासून, स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून परत दिलं आणि विचारलं, "याचा जुना नमुना कुठाय?" तेव्हापासून पंचवीस वर्षं, जुनं पत्र काढायचं, नाव, तारीख आणि खेदाचं कारण बदलायचं आणि पाठवून द्यायचं, हा क्रम त्याने मोडला नाही. (एकदा कारण बदलायचं राहून गेलं आणि दुकान जळालेल्या गृहस्थाला घोड्याच्या निधनाबद्दल सांत्वन पोचलं. त्यांनी उलट टपाली आभार मानले.)

असा अनुभवी माणूस भाटाच्या भूमिकेसाठी एकमताने निवडला गेला, यात नवल ते काय!

खेळ बैठा असतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत एकेक सोंग घेतात, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पाच चांगली शिकलेली, संसारी माणसं दर रविवारी दुपारी तीन ते साडेसहा दंतवैद्याच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, हिरड्यांच्या तक्त्याखाली बसून हे करत, आणि बाहेर कुणाला सांगत नसत, इतकं ते गांभीर्याने घेत. गोष्ट सांगायचा तो स्वतः दंतवैद्य. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्याने बोलत राहण्याची त्याला सवय होती. वकील चोर झाला होता. (भूमिका त्याने मागून घेतली.) औषध दुकानदार मांत्रिक होता, कारण कुणालाही लागत नाहीत अशी अक्षरं लावण्यात त्याचा हातखंडा. आणि लिपिकाची थोरली बहीण, जिला सगळेच ताई म्हणत आणि जी मुलींच्या शाळेत शिस्त सांभाळून नुकतीच निवृत्त झाली होती, ती वीरांगना. भाटाने लढाई चालू असताना गायचं. गाणं लागू पडलं की सोबत्यांच्या अंगात दुप्पट बळ येतं. नाही पडलं तर दंतवैद्य फासा टाकून हळहळतो.

पहिल्याच रविवारी, ड्रॅगनच्या गुहेत, लिपिकाने सिनेमातलं एक गाणं जसंच्या तसं म्हटलं. दुसऱ्या ओळीत टॅक्सी आली. "टॅक्सी म्हणजे काय?" ड्रॅगनने विचारलं. (म्हणजे दंतवैद्याने, दातांचा प्लास्टरचा साचा हातात उघडझाप करत.) कुणालाच धड उत्तर देता येईना, आणि या गोंधळात तीन घोडे गेले. पुन्हा अशी जीवितहानी नको म्हणून वकिलाने 'भाटगीत रूपांतर नियमावली' तयार केली.

नियमावली एकोणतीस कलमांची आहे आणि अशी निर्दोष नियमावली आमच्या तरी पाहण्यात नाही. कलम दोनप्रमाणे वाफेच्या इंजिनानंतरची कुठलीही वस्तू गाण्यात येता कामा नये. फोनच्या जागी कबूतर, लिफ्टच्या जागी दोन राक्षस आणि एक दोर, पेट्रोलच्या जागी घोड्याची चंदी, इंजेक्शनच्या जागी विंचू. (शेवटच्या बदलास दंतवैद्याचा विरोध नोंदवून घेण्यात आला.) 'फोन कर ना, टॉवरखाली मी उभी' याचं 'कबूतर धाड ना, बुरुजाखाली मी उभी' असं झालं आणि मूळ गाण्यापेक्षा बरं वाटू लागलं. (कबुतरं वर आणि प्रेयसी खाली, यातली अडचण नंतर लक्षात आली.)

कलम पाच चंद्रासंबंधी आहे. दंतवैद्याने उत्साहाच्या भरात त्या जगाला दोन चंद्र देऊन ठेवले होते. त्यामुळे उपलब्ध प्रेमगीतांपैकी एक्क्याऐंशी टक्के एका दमात निकामी झाली. 'तुझा मुखडा चंद्रासारखा' म्हणावं, तर राजकन्या विचारणार, "कुठल्या? थोरल्या की खड्ड्यांच्या?" सहा रविवार काथ्याकूट होऊन ठरलं, की दोहोंपैकी एक मावळल्याची खात्री करूनच प्रेमगीत म्हणावं. तेव्हापासून त्या जगात प्रेम कमी वेळा होऊ लागलं, पण नीट होऊ लागलं.

आणि मग कलम अकरा. दंतवैद्याने गाणं मंजूर करायच्या आत कुणी हात वर करून "ओळखलं!" म्हटलं, तर गाणं बाद. मूळ गाण्याचं नाव सांगायची गरज नाही, ओळखीचं वाटणं पुरे. ही सवलत सदस्यांच्या वयाकडे पाहून दिलेली होती, आणि तिच्या बाजूने लिपिकानेही हात वर केला होता.

चार वर्षांत दोनशे बारा गाणी झाली. त्यांपैकी एकसष्ट पकडली गेली, आणि त्यांतली त्रेचाळीस एकट्या ताईने पकडली. एका घरात, एका रेडिओसमोर वाढलेली भावंडं ती. तो काय चोरणार आणि कुठून चोरणार, हे तिला पाठ. गाणं बाद झालं की पहिला घाव तिच्याच वीरांगनेवर बसायचा, पण ताईचा हात वर गेल्याशिवाय राहिला नाही. "कॉपी ती कॉपी," ती म्हणायची, "मग सख्खा भाऊ का असेना." लिपिकाने शेवटी लहानपणची गाणी सोडूनच दिली. साबणाच्या जाहिराती, कवायतीचे ताल, असं काहीबाही तो वापरू लागला. कंपनीच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून जी धून वाजते, तिच्यावर त्याने बुटक्यांच्या राजाचं शोकगीत बांधलं. ते कुणालाच ओळखता आलं नाही आणि वकील ढसाढसा रडला. (तो त्याच सकाळी ती धून चाळीस मिनिटं ऐकून आला होता.)

सगळं असं छान चाललं असताना ताईने सांगितलं, की ती आता लेकीकडे राहायला चाललीय, कायमची. हे शहर सोडून. अजून एक रविवार, आणि मंगळवारी सामानाचा ट्रक.

"एकच इच्छा आहे," ती म्हणाली. "माझी बाई तेवढी जिवंत पलीकडे पोचू दे. चार वर्षं तलवार चालवतेय बिचारी. ती पोचली की मी सुटले."

पलीकडे म्हणजे शेवटच्या पुलापलीकडे. तो पूल एकाच अटीवर माणूस तोलून धरतो, असं दंतवैद्याने वर्षभरापूर्वीच जाहीर केलं होतं: जगात कुणीही कधी ऐकलं नाही असं गाणं भाटाने म्हणायचं. वीरांगना एकटी पुलावर, भाट काठावर. गाणं बाद, तर पूल गेला.

लिपिक घरी गेला आणि विचारात पडला. शोधून शोधून कुठलंही गाणं आणलं, तरी ते कुणीतरी ऐकलेलं असणारच, आणि ताईने ओळखलं की संपलं. ती काय सोडणार आहे? सरळ हिशोबाने एकच उत्तर निघत होतं, आणि ते त्याच्या अंगावरच आलं. मूळच नसलेलं गाणं आणायचं. म्हणजे लिहायचं. स्वतः.

आठवडाभर तो कार्यालयातल्या रद्द अर्जांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होता. सवयीने प्रत्येक कागदावर आधी 'संदर्भ :' असं लिहायचा आणि पुढे काहीच सुचायचं नाही. संदर्भच नव्हता ना! एकोणीस कागद झाले. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच समोर ठेवून, त्याने शेवटची ओळ लिहिली आणि त्याला चक्क रडू आलं. समोरच्या टंकलेखिकेने विचारलं, "काय हो, कुणाचं पत्र?" तो म्हणाला, "माझंच." असं तो पंचवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणत होता.

रविवार उजाडला. जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचा पूल दंतवैद्याने दोन पेल्यांवर मांडला होता. त्यावर ताईची वीरांगना, म्हणजे शाळेतल्या बुद्धिबळाच्या जुन्या पटातला वजीर. लिपिक उभा राहिला. आजवर तो बसूनच गायचा.

तू पुढे चाललीस, मी मागून आलो,
वाट कशी होती ते मला नाही ठावं;
तुझी पाठ दिसत होती, तिच्यावर निभावलो,
आता पूल एकटीचा, मी कुणामागे जावं?

वकिलाने चष्मा काढून पुसला आणि हात वर केला. "ओळखलं," तो म्हणाला. "नाव ओठांवर आहे."

"मलाही आधी वाटलं, पण म्हटलं, जाऊ दे," औषध दुकानदार म्हणाला. "जुना सिनेमा. ती नावेत असते आणि तो काठावर उभा. दोघंही गेले आता, चांगली माणसं होती." दंतवैद्याने तर गोष्ट सांगायची सोडून मान खाली घातली होती. "माझी मावशी म्हणायची हे, भांडी घासताना. शेवटच्या ओळीला तिचा हात थांबायचा." त्याचाही हात वर गेला.

लिपिक त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो ताईकडे बघत होता. ही तर सांगेल ना, की हे त्या रेडिओवर कधी लागलं नव्हतं! जगात एवढं ठामपणे सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते समोर बसलं होतं.

ताईचे डोळे भरून आले होते. तिने हात वर केला, शाळेत मुलींना करायला लावायची तसा, कोपर न वाकवता. "बुधवारी सकाळी लागायचं हे, बाळ्या. आई माझी वेणी घालत असायची. तू लहान होतास, तुला नाही आठवायचं."

"ताई, अगं मी लिहिलंय ते! तुझ्यासाठी लिहिलंय."

"लिहिलंस की. छानच लिहिलंस. कबुतरं नाहीत, चंद्राची भानगड नाही. पण मूळ ते मूळ."

लिपिकाने पिशवीतून एकोणीस कागद काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवले. वकिलाने ते एकेक करून पाहिले आणि या प्रकरणातला निर्णायक मुद्दा मांडला. मागच्या दोनशे बारा गाण्यांच्या कच्च्या कागदांवर अशीच खाडाखोड होती. म्हणजे खाडाखोड हा रूपांतराचाच पुरावा. शिवाय या कागदांवर प्रत्येक ठिकाणी 'संदर्भ :' असं लिहून पुढची जागा कोरी सोडलेली आहे. म्हणजे संदर्भ होता, तो मुद्दाम लपवला. मुद्दा बिनतोड होता, आणि लिपिकाच्या कार्यालयातही तो तसाच मान्य झाला असता. दंतवैद्याने जड हाताने मधली पट्टी काढली. वजीर टेबलावर आपटून खाली खुर्च्यांखाली गेला.

ताईने वाकून तो उचलला, पदराने पुसला आणि पर्समध्ये टाकला. निघताना लिपिकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "गाणं मात्र छान निवडलंस, बाळ्या."

मंगळवारी ट्रक गेला.

त्यानंतरचा तपशील समाधानकारक आहे. औषध दुकानदाराला गाण्याचं दुसरं कडवं आठवलं आणि तो ते गिऱ्हाइकांना म्हणून दाखवतो. दंतवैद्य दाढ काढताना गुणगुणतो, आणि तोंड उघडं असलेले रुग्णही जमेल तशी साथ देतात. ताईच्या नातीच्या शाळेत ते आता 'पारंपरिक' म्हणून शिकवतात. लिपिकाने त्या शाळेला नम्रपणे पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, की आपल्या प्रतीतला तिसऱ्या ओळीतला एक शब्द चुकीचा आहे, कृपया दुरुस्त करून घ्यावा. त्याने दुरुस्त करून घेतला. हल्ली बुधवारी तो कार्यालयात उशिरा जातो. सकाळभर रेडिओ लावून बसतो. न जाणो, लागलंच तर.

हसताय ना? हसा. पण त्या चार ओळी वर वाचताना तुम्हीही क्षणभर थबकला होतात, चाल आपोआप लागली होती, आणि हे कुठेतरी ऐकलंय असं मनात येऊन गेलं होतं. आता तर कुणाच्या आवाजात ऐकलंय, तेही आठवू लागलं असेल. आठवलं की लिपिकाला तेवढं कळवा. तो तुमचंच खरं मानेल.