टेकचंदभाऊंचा टर्बो

टेकचंद बिसेनांच्या घरी गेलात तर पाण्याच्या आधी टर्बो येतो. गोगलगायीच्या शंखासारखं ते लोखंडी धूड तुमच्या तोंडासमोर धरून ते म्हणतात, "फुका जी." तुम्ही फुंकता. आतलं चाक गरगर फिरतं. "पाह्यलं? तुमच्या फुंकीनं एवढं, तं इंजिनाच्या धुरानं केवढं!" आमगावात ही फुंकर बहुतेकांनी मारली आहे. सत्यनारायण सांगायला आलेल्या महाराजांनी मारली, पुतणीला पाहायला आलेल्यांनीही मारली. महाराज पुन्हा आले. पाहुणे आले नाहीत.

मी त्यांचा शेजारी, शाळेत शिक्षक. त्यांचं भांड्यांचं दुकान. इंजिनाशी त्यांचा संबंध इतकाच की त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती. चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, कंपनीतून आली तशीच साधी. एका उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात शिरलं की हिला टर्बो बसवायचा. सगळं ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओतलं.

"इंजिन काय करते, गुरुजी? हवा खाते, पेट्रोल पेते. त्याले जबरन हवा चारायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त दम. अन् धूर तं असाही फुकटच जाऊन राह्यला, त्याच्यावरच पंखा फिरवाचा."

"पण इंजिनाला सोसेल का?"

"कंपनीनं डरून बनवलं हाये. दम अंदर हाये, बाहेर नाही येऊन राह्यला."

हे वाक्य मग सगळ्यांना लागू झालं. नागपुरात कारकुनी करणारा त्यांचा मुलगा आकाश कंपनीनं डरून बनवलेला होता. वर्षानुवर्षं सातवीलाच शिकवणारा मीही त्यातलाच. उशिरा शिजणारा तांदूळही. फक्त सुमनवहिनींना, म्हणजे आपल्या बायकोला, ते असं कधी म्हणाले नाहीत. त्यांच्याशी ते फारसं बोलतच नसत.

पहिला टर्बो गोंदियाच्या भंगारातून आला, कुठल्याशा डिझेल पिकअपचा. लोखंडी गेट बनवणाऱ्या वेल्डरनं तो सायलेन्सरच्या पाइपला जोडला. पहिल्याच फेरीत रेल्वे फाटकापाशी इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, हेड गॅस्केट, उडाली. फाटक बंद, दोन्ही बाजूंना गर्दी, मधोमध टेकचंदभाऊ पांढऱ्या वाफेत. कुणीतरी ओरडलं, "काऊन भाऊ, चाय ठेवली का?" सगळं फाटक हसलं. तोच हा फुंकायचा टर्बो.

दुसरा बसवून ते बिरसीच्या सरळ रस्त्यावर गेले. या वेळी पिस्टनला भोक पडलं. ट्रॅक्टरनं ओढत गाडी गावात आणली, तेव्हा स्टिअरिंगवर ते घोड्यावरच्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. संध्याकाळी तो पिस्टन घेऊन माझ्याकडे आले. भोकातून बोट आरपार घालून म्हणाले, "पाह्यलं गुरुजी? दम होता!"

घरात मोरीला ऑइल, टॉवेलला ऑइल. वहिनी ते घासत बसत. मग एक दिवस त्या नातू सांभाळायला म्हणून नागपूरला निघाल्या. स्टेशनवर मी सोडलं, कारण नवरा गाडीखाली होता. डब्यात चढताना म्हणाल्या, "भाऊजी, त्याहिले गाडीखालून काढू नका. तिथंच बरे हायेत." परत येण्याचं त्या बोलल्या नाहीत.

यंदा दिवाळीनंतर मात्र गाडी टिकली. टेकचंदभाऊंनी हावरटपणा सोडला होता. हवेचा दाब कमी ठेवला, पेट्रोल नीट पोचेल असं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या मेकॅनिकचं ऐकलं. "बसा," ते मला म्हणाले. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं.

आम्ही दरेकसाचा घाट गाठला. इंजिन शिटी मारत, ट्रक मागे टाकत वर चढलं. मी मनापासून म्हणालो, "टेकचंदभाऊ, मानलं!" त्यांचं लक्ष नव्हतं. वर गाडी थांबवून ते म्हणाले, "मागच्या वळणावर ती उतरली होती."

"कोण?"

"आकाशची माय. साळ्याच्या पोरीच्या लग्नाले जाऊन राह्यलो होतो. गाडी पाहुण्याइनं भरली होती. वळणावर दम तुटला. मी म्हटलं, तू उतर, तुयाच वजनानं थांबली. सगळे हासले. मीबी हासलो." खालच्या वळणाकडे बोट करून म्हणाले, "भर उन्हात शालू नेसून चढली वरपर्यंत. गाडीत बसली, अन् तवापासून कामापुरतीच बोलते."

"मग माफी मागायची होती."

"गाडी सुधरवून राह्यलो होतो ना," ते म्हणाले. माफी मागणं आणि गाडी सुधारणं त्यांना खरंच निराळं वाटत नव्हतं.

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. "आकाशची माय, घाट चढली! तिसऱ्या गिअरात. आता तू बसली तरी चढंल."

पलीकडे नातू रडत होता.

"मी बसली तरी?" वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही, मंजे..."

"अजी, इंजिन बदलवलं तुम्ही. तोंड तेच हाये." फोन बंद झाला.

"रेंज नाही इथं," टेकचंदभाऊ म्हणाले. मी मान डोलावली. त्यांनी गाडी वळवली, खाली त्या वळणापर्यंत नेली आणि उतरून मला म्हणाले, "तुम्ही न्या वर."

मी गाडी वर नेऊन थांबलो. दुपारचं ऊन चांगलंच तापलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांचं डोकं दिसलं, मग घामानं अंगाला चिकटलेला सदरा, मग गुडघ्यावर दाबून धरलेला हात. गाडीचं दार मी उघडून धरलं होतं. ते आत बसले नाहीत. रस्त्याकडेच्या दगडावर टेकले. श्वास सापडेपर्यंत खालीच पाहत राहिले.

"लय दूर हाये जी," ते म्हणाले. "गाडीतून समजत नाही."