कोनाकोनी

रिहे गावच्या शाळेत किशोर सर बावीस वर्षं नववीला भूमिती शिकवत होते. त्यामुळे अंगणातल्या छपराचे चार खांब आखायला गवंडी बोलवायचा, ही सूचना त्यांना अपमानासारखी वाटली. "वीस बाय पंधराचा साधा आयत आहे. किल्ला बांधायचा नाहीये," ते बायकोला म्हणाले.

राणीला घाई होती. शनिवारी हिंजवडीच्या एका ऑफिसातली चाळीस माणसं पिठलं-भाकरी खायला येणार होती. तिच्या खानावळीचा तो पहिलाच दिवस.

रविवारी सरांनी शेताच्या बांधाला धरून दोरी लावली. वीस, पंधरा, वीस, पंधरा मोजलं आणि चार पाईप काँक्रीटमध्ये पक्के उभे केले. रस्त्यानं चाललेले कुशाबा गवंडी थबकले.

"सर, कोनाकोनी मापलं का?"

"समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, काका. आणखी काय पाहिजे?"

"तुमी शिकल्याली मानसं," म्हणत कुशाबा निघून गेले.

गुरुवारी वेल्डरनं छपराची लोखंडी चौकट आणली. आठ जणांनी ती उचलून खांबांवर धरली. मागचे दोन खांब नेमके बसले. पुढचा एक मात्र सव्वा फूट छपराबाहेर राहिला आणि दुसरा तेवढाच आत, जेवणाऱ्याच्या ताटात पाय द्यायला आल्यासारखा.

"तुमची चौकट वाकडी आहे," सर वेल्डरला म्हणाले.

चौकट खाली ठेवून वेल्डरनं टेप लावला. चौकटीचे दोन्ही कर्ण पंचवीस फूट भरले. मग त्यानं खांबांमधलं अंतर घेतलं. एक कर्ण सव्वीस, दुसरा चोवीस. आठही जण सरांकडे बघायला लागले. सर टेपकडे बघत राहिले.

राणीनं पदराला हात पुसले आणि कुशाबांना फोन लावला. त्यांनी पुढचे दोन्ही खांब काँक्रीटसकट उकरून संध्याकाळच्या आत नेमक्या जागी बसवून दिले.

शनिवारी पिठलं दोनदा करावं लागलं. पाहुणे गेल्यावर सर आणि कुशाबा नव्या छपराखाली जेवायला बसले.

"आयताचे कर्ण समान असतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो," सर हळूच म्हणाले.

"आन् पोरं मापून बघत्यात?"

"मापत नाहीत. सिद्ध करतात."

कुशाबांनी भाकरी मोडता मोडता जरा विचार केला.

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि सरांना आणखी पिठलं वाढायला त्यांनी राणीला खुणावलं.