गावंडे सरांचं शेपूट

डोकं दुखलं की गावंडे सर बाम एकाच कानशिलाला लावतात. दुसरं तुलनेसाठी. "दोनीकडं लावला अन् थांबलं, तं बामानं थांबलं का आपोआप, कसं समजंन?"

अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत सर रसायनं बनवतात, मी पेशी वाढवते, आणि आमचं निम्मं भांडण या "कसं समजंन"वरून होतं. लग्नातलं जेवण छान होतं म्हणा, ते विचारतील, "भूक नसती तं?" एकदा मी वैतागून म्हटलं, "वहिनींनी तुम्हाला पसंत तरी कसं केलं हो?" म्हणाले, "तिच्यापाशी दुसरं सँपल नव्हतं."

त्यांची मोठी बहीण, त्यांची 'बाई', अकोल्याला जठारपेठेत राहते. तिला कॅन्सर झाला, गोळ्या सुरू झाल्या. गाठ आटली, पण हाताची बोटं बधिर पडली. गोळी गाठीत कुठल्या प्रथिनाला धरते ते ठाऊक होतं. नसांमध्येही कुणाला धरते का, ते ठाऊक नव्हतं. "बाईच्या बोटाइचं पाहा लागते," एवढंच सर म्हणाले, आणि हात धुऊन त्याच्या मागे लागले.

युक्ती अशी, की औषधाच्या रेणूला बारीकसं शेपूट जोडायचं. औषध पेशीत ज्याला धरेल, त्याला त्या शेपटाने बाहेर ओढायचं; ओढलेलं पडद्यावर काळा डाग होऊन दिसतं. ऐकायला सोपं आहे हो! पण शेपूट भलत्या जागी लागलं की औषध आपलं कामच विसरतं. सरांची किती शेपटं वाया गेली, विचारू नका. आणि दर वेळी संशय माझ्यावर. "मॅडम, पेशी उपाशी होत्या का?"

"तुमच्यापेक्षा बऱ्या जेवतात!"

शेवटी एक शेपूट जमलं. मग नसांच्या पेशींचे दोन वाटे केले. एकाला नुसतं शेपूटवालं औषध दिलं. दुसऱ्याला आधी साधं औषध भरपूर, मग शेपूटवालं.

"एसटीत रुमाल टाकून जागा धरतेत ना, तसं," सर म्हणाले. "साध्यानं खऱ्या जागा धरल्या, तं शेपूटवाल्याले भेटत नाही. डाग गायब व्हाले पायजे. नाही झाला, तं शेपूटवालं नुसतं कुठंबी चिकटलं म्हना."

तसं झालं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर चित्र उमटायला लागलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. सर भिंतीकडे तोंड करून उभे.

"दिसते का, मॅडम?"

"थांबा ना हो जरा!"

पहिल्या रांगेत काळाकुट्ट डाग. दुसऱ्या रांगेत कोरं. मी किंचाळलेच, "काही नाही, सर! काहीच नाही!"

शेजारच्या खोलीतले प्राध्यापक धावत आले आणि सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या, पुढच्या वेळी होईल." सर त्यांना मिठी मारून नाचायला लागले. बिचारे घाबरून निघून गेले.

सरांच्या हातात मोजे होते, म्हणून बाईंना फोन मी लावला, स्पीकरवर.

"बाई, ते औषध नसाइतबी कोनाले तरी धरते. खरंच धरते." मग आवाज उतरला. "पन तुले याचा उपेग नाही होनार. लय वेळ लागंन. अन् गोळी सोडू नको."

मग बाई म्हणाल्या, "म्हंजे बोटाइचं ते माह्या मनाचे खेळ नव्हते ना, बापू?"

"नव्हते, बाई."

"तूच म्हनला होता तवा."

"म्हनलो होतो. चुकलो मी."

"मंग आता घरच्याइले सांग. माह्यं कोनी ऐकत नाही. फोनवर नको, येऊन सांग."

"निघालोच," सर म्हणाले, आणि हातमोज्यांसकट अकोल्याच्या गाडीला पळाले.