एका मात्रेचा राक्षस

ज्या वर्षी थोरल्याचं लग्न झालं, त्याच वर्षी मी वाचायला शिकलो. वय बासष्ट! शिकवणारी नवी सूनबाई. ती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. मी जन्मभर गवंडीकाम केलेलं, त्यामुळे अक्षरंही ओळंबा लावूनच तपासतो. काना वाकडा दिसला की हात शिवशिवतात. वर्षभरात दुकानांच्या पाट्यांवरच्या सतरा चुका काढल्या मी! मला लांबून बघितलं की दुकानदार शटर ओढायला लागले.

सूनबाईची नेमणूक मात्र अजून कच्ची होती. सोमवारी मोठ्या बाई तिच्या वर्गात बसून गोष्टीचा तास बघणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होत्या. वर्गासाठी चित्रांची पुस्तकं आणि लोककथा निवडायचं कामही तिच्याच गळ्यात. रविवारभर ती जमिनीवर पुस्तकं पसरून बसली होती.

"बाबा, या चित्रातली गाय बघा. पाय पाच!"

"असू दे की. एखादा दुखला तर कामाला येईल."

"बाबा!"

सोमवारी ती घाईघाईत गेली. मी खोलीत डोकावलो. कोपऱ्यात पुस्तकांचा एक गठ्ठा आणि त्यावर तिच्या हातची चिठ्ठी : 'वगळा'. मला हसूच फुटलं. गुरूच चुकला! पेन्सिल घेतली आणि 'व'वर ठसठशीत मात्रा देऊन टाकली. 'वेगळा'. आता कसं!

तेवढ्यात फोन आला. "बाबा, आजच्या तासाची पुस्तकं घरीच राहिली. वेगळी काढून ठेवलीत बघा. तेवढी आणता का?"

"चिठ्ठीसकट आणतो!"

तिला हवी असलेली पुस्तकं पिशवीत भरून दारामागे अडकवली होती, हे मला काय स्वप्नात दिसणार?

वर्गात मोठ्या बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. सूनबाईने गठ्ठा सोडला आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. पहिलीच ती गाय निघाली.

"बाई, पाच पाय!" सगळा वर्ग ओरडला.

तिने घाईने दुसरं पुस्तक उचललं. राक्षसाची लोककथा. छान रंगली. "आणि राक्षसाने दार उघडलं..." तिने पान उलटलं. पुढची चार पानं गायब!

"मग?" चाळीस तोंडं उघडी.

ती दाराकडे वळली. दारात मी. "मग काय झालं, ते आता आजोबा सांगतील," ती गोड आवाजात म्हणाली. डोळे मात्र गोड नव्हते.

मला गवंडीकामापलीकडे काय येतं? म्हटलं, "दाराची चौकट बुटकी होती. राक्षसाचं डोकं आपटलं आणि..."

"मेला?" दोन वेण्यांची एक मुलगी रडायलाच लागली.

"छे छे! टेंगूळ आलं."

मग टेंगळावर फुंकर कोण घालणार, त्याची आई कुठे राहते, असे प्रश्न सुरू झाले. घंटा झाली. मोठ्या बाईंनी वही मिटली. "शेवट ऐकल्याशिवाय शेरा कसा लिहू? उद्या येते."

घरी आमच्या हिने मला सोलून काढलं. "बासष्टाव्या वर्षी शिकलात आणि त्रेसष्टाव्या वर्षी सुनेची नोकरी घालवा!"

सूनबाईने चिठ्ठी पुढे धरली. "ही मात्रा कोणी दिली?"

"तुझी राहिली होती."

"बाबा, वगळा म्हणजे घेऊ नका!"

मंगळवारी मी पुन्हा वर्गात जाऊन राक्षसाला विहिरीत ढकललं, तर मुलांनी दोर सोडला. बुधवारी ताप आणला, तर चाळीस वैद्य उभे राहिले. काही केल्या मरू देईनात! मोठ्या बाई रोज हजर.

गुरुवारी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आजोबा, सूनबाई कायम. मला गोष्ट आवडली. पण उद्या वरती अहवाल द्यायचाय हो. संपवा त्याला!"

माझा नाइलाज झाला. राक्षस गुरुवारी, मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी, वयाच्या चारशेव्या वर्षी, पोटभर जेवून झोपेतच वारला.